वाटीचे ग्रॅम किती?

उकडीच्या मोदकांचं प्रमाण कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं: जितकी पिठी तितकं पाणी. वाटीला वाटी. पण गणपतीच्या आदल्या दिवशी पिठी दुकानातून अर्ध्या किलोच्या पाकिटात येते आणि हिशेब बदलतो. पिठी अर्धा किलो, तर पाणी अर्धा लिटर, असं कुणीतरी पटकन सांगून टाकतं. ऐकायला बरोबर वाटतं. उकड मात्र कोरडी होते, मळताना भेगा पडतात, पाकळ्या काढताना तुटतात, आणि बोल लावला जातो तो पिठीला. "जुन्या तांदळाची दिसतेय."

पिठीचा काही दोष नसतो. २०० मिलीच्या वाटीत पाणी २०० ग्रॅम मावतं, तांदळाची पिठी मात्र १२० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 'वाटीला वाटी' हे प्रमाण तराजूवर ठेवलं की १२० ला २०० होतं. अर्धा किलो पिठीच्या चार वाट्यांहून थोड्या जास्त भरतात, आणि तिला पाणी लागतं ८३० मिलीच्या घरात. अर्धा लिटर पाण्यात ती उकड होणं शक्यच नव्हतं.

किलो सांगतो वस्तू किती आहे, लिटर सांगतो ती जागा किती अडवते. या दोहोंना जोडणारा आकडा म्हणजे घनता, आणि तो प्रत्येक वस्तूचा वेगळा. पाण्याचा १ आहे, त्यामुळे पाण्यात मिली आणि ग्रॅम सारखेच येतात. हा योगायोग नाही. फ्रान्समध्ये १७९५ साली ग्रॅम ठरवला तोच मुळी एक घन सेंटिमीटर पाण्याचं वजन म्हणून. त्यामुळे पाण्यापुरती सोय झाली, आणि बाकी सगळ्या वस्तूंच्या बाबतीत आपली फसगत व्हायला सुरुवात झाली. दूध पाण्याहून किंचित जड, १.०३. तेल आणि पातळ तूप हलकं, साधारण ०.९१. मध चांगलाच जड, १.४ च्या आसपास. मिलीला या आकड्याने गुणलं की ग्रॅम, ग्रॅमला भागलं की मिली. गणित एवढंच.

पातळ पदार्थांचं हे इतकं सरळ आहे. गोंधळ घालतं ते पीठ.

पिठाची वाटी एक नसते

गिरणीत दळण नेणाऱ्याला हे न शिकवताच माहीत असतं. पाच किलो गहू ज्या डब्यात आरामात बसले होते त्याच डब्यात पीठ परत येताना झाकण लागत नाही. वजन तेच, गिरणीवाल्याने घातलं काहीच नाही. गव्हाचा दाणा दाण्याला भिडून बसतो आणि लिटरभर जागेत पाऊण किलोहून जास्त गहू मावतो. त्याचंच पीठ केलं की कणाकणामध्ये हवा शिरते, आणि लिटरभर जागेत अर्धा-पाऊण किलोच्या मध्ये कुठेतरी थांबतं. ताजं, गरम पीठ तर आणखी फुललेलं. चार दिवस डब्यात राहिलं, दोन-चार वेळा डबा आपटला, की तेच पीठ चार बोटं खाली बसतं.

म्हणजे पिठाच्या वाटीत निम्म्याहून जास्त जागा हवेची असते, आणि ही हवा किती ठेवायची ते आपला हात ठरवतो. घरातली एकच २०० मिलीची वाटी घ्या आणि एकच कणीक. पीठ चाळून वाटीत हलकं पडू दिलं, वरून सुरीच्या पाठीने सपाट केलं, तर ९५ ग्रॅमच्या आसपास भरतं. डब्यातलं पीठ चमच्याने ढवळून वाटीत घातलं तर १०५. वाटी थेट डब्यात खुपसून भरली, जसं आपण रोज करतो, तर १२०. आणि वाटी दोनदा ओट्यावर आपटून वरून अंगठ्याने दाबलं तर १३५ च्या पुढे. वाटी तीच, पीठ तेच, फरक चाळीस ग्रॅमचा. पोळ्यांच्या कणकेत हा फरक कळत नाही, कारण पाणी आपण हाताच्या अंदाजाने घालतो. केकमध्ये तो लगेच दिसतो, कारण तिथे दूध आणि तूप आधीच मोजून घातलेलं असतं. केक कोरडा झाला, वर तडा गेला, तर बेकिंग पावडरवर संशय घेण्याआधी वाटी कशी भरली होती ते आठवून बघावं.

माझं स्पष्ट मत असं की मैदा, कणीक, बेसन, पिठी साखर या चार गोष्टी तराजूवर मोजाव्यात आणि बाकी बहुतेक सगळ्यांना वाटी पुरते.

शीग हा आणखी एक मुद्दा. वाटी काठोकाठ सपाट आणि वाटी शीग लावून, यात कोरड्या जिनसांचा सहज चौथाई फरक पडतो. चमच्यात तर भरलेला आणि सपाट यांत कधीकधी दुपटीचा. कृती लिहिताना 'भरून' की 'सपाट' एवढं लिहिलं तरी वाचणाऱ्याचे निम्मे प्रश्न मिटतील.

मग आजीचं कसं जमायचं?

कारण आजी परिमाण वापरत नव्हती, प्रमाण वापरत होती. शंकरपाळ्याला एक वाटी तूप, एक वाटी दूध, एक वाटी साखर, मावेल तेवढा मैदा. यात वाटी दीडशे मिलीची असो की अडीचशेची, काही बिघडत नाही. शंकरपाळे कमी किंवा जास्त होतील, चव तीच राहील. अट एकच, सगळं त्याच वाटीने मोजायचं. साखर आमटीच्या वाटीने आणि दूध फुलपात्राने घेतलं की संपलं.

ही पद्धत मोडते ती तीन ठिकाणी. कृतीतली एखादी गोष्ट वाटीत नसते, जसं पाव किलो खवा किंवा चारशे ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा, तेव्हा वाटी किती मिलीची हा प्रश्न अचानक जिवंत होतो. दुसरं म्हणजे आपण किराणा आणायला निघतो आणि दुकानदार वाटीने देत नाही. आणि तिसरं, वस्तूचं रूप बदलतं. बेसनाच्या लाडवांना कुणी 'एक वाटी साखर' सांगते, तिच्या मनात दळण्याआधीची साखर असते. ऐकणारी पिठी साखरेचं पाकीट फोडून एक वाटी घालते. दाणेदार साखर २०० मिलीच्या वाटीत १६५ ग्रॅम भरते, पिठी साखर १०० ग्रॅमच्या आसपास. लाडू अगोड लागतात, मग "आजकालच्या साखरेला गोडीच नाही." वाटीभर साखर मिक्सरमध्ये फिरवून पुन्हा त्याच वाटीने मोजून बघा, दीड वाटीच्या पुढे जाते.

वजन आणि माप यांची ही सरमिसळ नवी नाही. आपल्याकडे धान्य मापाने मोजायचं: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. आणि त्याच वेळी वजनाचाही शेर होता, ऐंशी तोळ्यांचा, आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅम. दोन्ही शेरच. मापाचा शेर गावागणिक लहानमोठा असायचा, त्यात बाजरी वेगळ्या वजनाची भरायची आणि मुरमुरे वेगळ्या. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि किलो-लिटर वेगळे झाले. तरी नाशिकच्या जुन्या घरांत अजून 'पावशेर दूध' आणि 'पावशेर शेव' एकाच दमात मागवतात. दूध २५० मिली येतं, शेव २५० ग्रॅम, आणि कुणाचं काही अडत नाही.

आपली वाटी ओळखून ठेवा

भांडी बाजारात वाट्यांची चळत बघितली तर लक्षात येतं की 'वाटी' नावाचं एक माप अस्तित्वातच नाही. आमटीची, खिरीची, चटणीची, मुलाची चांदीची, लग्नात आहेर आलेली. शंभर मिलीपासून अडीचशेपर्यंत सगळ्या वाट्याच.

घरात तराजू असेल तर रिकामी वाटी त्यावर ठेवून आकडा शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. तराजू नसेल तर एक लिटरची पाण्याची सीलबंद बाटली घ्या आणि वाट्या मोजा: पाच भरल्या तर वाटी २०० मिलीची, चार भरल्या तर २५०, साडेसहाच्या आसपास भरल्या तर १५०. चमच्यासाठी खोकल्याच्या औषधाचं टोपण उपयोगी पडतं, त्यावर ५, १०, १५ मिलीच्या रेघा असतात. चहाचा चमचा ५ मिलीचा धरतात, पण आपल्या घरातला तसा असेलच असं नाही, आणि पोह्यांचा चमचा तर मुळीच नाही.

२०० मिलीची वाटी हाती आली की बाकीचे आकडे साधारण असे बसतात. दूध आणि दही २०५ ग्रॅम, तेल आणि वितळलेलं तूप १८२. तांदूळ १६०, तूरडाळ १६५, रवा १४०, शेंगदाणे १२०, साबुदाणा १२५ ते १३०. मैदा आणि कणीक चमच्याने भरून १०५, बेसन त्याहून हलकं, ८० ते ९० पर्यंत. बारीक मीठ सगळ्यांत जड, २४० च्या आसपास. म्हणून साखरेचा डबा समजून मिठाचा उचलला की नुसत्या वजनावरूनही कळायला हवं. ओलं खोबरं खवून ६५ ते ७०, तेही न दाबता. पोह्यांचा आकडा मी मुद्दाम देत नाही. चिवड्याचे पातळ पोहे आणि कांदेपोह्यांचे जाड पोहे यांत इतका फरक आहे की एक आकडा दोघांवरही अन्याय करेल. गुळाचंही तसंच: किसलेला, चिरलेला आणि दाबून भरलेला, तिन्ही वेगळे. आपल्या वाटीत आपले पोहे एकदा तोलून डब्याच्या झाकणावर आकडा लिहून ठेवावा, हे कुठल्याही तक्त्यापेक्षा बरं.

वाटी २०० ची नसेल तर हे आकडे त्या पटीत कमीजास्त करायचे. १५० मिलीच्या वाटीला पाऊणपट, अडीचशेच्या वाटीला सव्वापट.

तेल, तूप आणि नाशिकची थंडी

तेलाच्या बाबतीत हा हिशेब थेट खिशाला लागतो. लिटरची पिशवी म्हणजे किलो नव्हे, ती ९१० ग्रॅमच्या आसपास असते. दिवाळीला डबा घेताना तर नीट वाचावं, कारण बाजारात पंधरा किलोचा डबा असतो आणि पंधरा लिटरचाही. पंधरा लिटर तेल भरतं साडेतेरा किलोच्या थोडं वर, म्हणजे दोन डब्यांत जवळपास सव्वा-दीड किलोचा फरक. 'शंभर रुपये स्वस्त' डबा खरंच स्वस्त आहे का, हे त्याशिवाय कळत नाही.

यात आणखी एक गंमत आहे. तेल तापलं की फुगतं. लिटरभर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९३. काही कंपन्या पिशवीवर '६० अंश तापमानाला एक लिटर' असं बारीक अक्षरात छापायच्या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांना सांगितलं की तापमानाची पळवाट न ठेवता माप लिहा आणि सोबत वजनही लिहा. त्यासाठी जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. तेव्हापासून पिशवीवरचा ग्रॅमचा आकडा बघायची सवय लावून घेतलेली बरी. तुलना करायची ती त्याचीच.

तुपाचं वेगळं. डिसेंबरात नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा बरणीतलं तूप दगड होतं. खरवडून वाटीत भरलेल्या रवाळ तुपात मधे पोकळ्या राहतात, आणि 'एक वाटी तूप' प्रत्यक्षात पाऊण वाटीच पडतं. मे महिन्यात तेच तूप पातळ, वाटी पूर्ण भरते. एकाच कृतीचे लाडू उन्हाळ्यात बसके आणि थंडीत भुसभुशीत का होतात, त्याचं एक कारण इथे आहे. उपाय साधा: वितळवून मोजा, किंवा ग्रॅममध्ये घ्या. ग्रॅमला थंडी वाजत नाही.

परदेशी कप

इंटरनेटवरची कृती करताना आधी बघायचं की लिहिणारा कुठला. अमेरिकेचा कप सुमारे २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००, आणि राइस कुकरसोबत येणारा प्लास्टिकचा कप बहुधा १८०. त्या कुकरच्या कपाने केक मोजला तर मैदा पाव भाग कमी पडतो. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलीचा, ऑस्ट्रेलियात मात्र २०. औंस दोन प्रकारचे, एक वजनाचा २८.३५ ग्रॅमचा आणि दुसरा द्रवाचा साधारण ३० मिलीचा. पाणी-दुधासाठी दोन्ही जवळपास सारखेच, मैद्याला अजिबात नाहीत. अमेरिकन कृतीत 'एक स्टिक बटर' म्हणजे ११३ ग्रॅम. आपल्याकडे शंभर ग्रॅमची वडी मिळते, ती एक घातली की थोडं कमीच पडतं. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या मापाच्या कपांवर २४० किंवा २५० असं कोरलेलं असतं, तेही एकदा उलटून बघावं.

जिथे ग्रॅम नको

सगळं तोलायच्या नादात हळद-तिखटही तराजूवर ठेवणारे असतात. घरगुती तराजू एकेका ग्रॅमने पुढे सरकतो. चमचाभर हळद ३ ग्रॅम, चमचाभर मीठ ६. तीन ग्रॅम मोजताना तराजू एका ग्रॅमने चुकला तर तिसरा भाग चुकला. इथे चमचाच जास्त खरा. शतांश ग्रॅम दाखवणारे काटे सराफ बाजारातल्या पेढ्यांवर शोभतात, फोडणीला नाही. केशर तेवढं अपवाद, पण ते काड्यांनी मोजतात.

भिजवलेल्या जिनसांमध्ये मात्र डोकं ठिकाणावर ठेवावं लागतं. मिसळीची एक वाटी कोरडी मटकी मोड आल्यावर अडीच-तीन वाट्या होते, तेव्हा कृतीतली 'वाटीभर मटकी' आधीची की नंतरची ते बघायलाच हवं. अनारशांत तर यावरच सगळं उभं असतं. तांदूळ तीन दिवस भिजतात, पंच्यावर अर्धवट वाळतात आणि ओलसर असतानाच दळले जातात. भिजलेला तांदूळ स्वतःच्या वजनाच्या चौथाईहून जास्त पाणी पितो. कोरड्या तांदळाच्या वजनाला गूळ जोडायचा की ओल्या पिठीच्या, हे घरातल्या जाणत्या बाईला विचारून घ्यावं. चुकीच्या बाजूने जोडला तर गूळ इतका जास्त होतो की अनारसा तुपात विरघळून जातो.

वाट्यांवरून यादी

आता दिवाळीची एक यादी करून बघू. शंकरपाळ्याचं घरचं प्रमाण, २०० मिलीच्या वाटीने: तूप एक, दूध एक, साखर एक, मैदा पाच वाट्या लागतो असं गेल्या वेळी दिसलं. ग्रॅममध्ये हे झालं तूप १८२, दूध २०६, साखर १६७ आणि मैदा ५२५. यंदा करायचे आहेत दोन किलो मैद्याचे. २००० ला ५२५ ने भागलं की ३.८. प्रत्येक आकड्याला ३.८ ने गुणा: तूप ६९०, साखर ६३५, दूध ७८५ ग्रॅम. दुधाला १.०३ ने भागून ७६० मिली. दुकानात सांगायचं तूप सातशे, साखर साडेसहाशे. दूध पाऊण लिटर.

मैदा दोन किलो आणायचा, पण सगळा एकदम ओतायचा नाही, दीडशे-दोनशे ग्रॅम बाजूला ठेवायचा. 'मावेल तेवढा' हे वाटीतून किलोत गेलं तरी 'मावेल तेवढा'च राहतं. हवा दमट असली की मैद्याने आधीच ओल धरलेली असते आणि तो थोडा जास्त मावतो. तळणीचं तेल या हिशेबात धरलेलं नाही. ते कढईच्या पोटावर ठरतं, मैद्यावर नाही.